उतरवणारा पाहिजे

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चाळीत जोतीराम ढवण राहायचा, आणि त्या चाळीतल्या बायका त्याच्या पाळीची वेळ बघून धुणं वाळत घालायच्या. तो गिरणीत गेला की घालायच्या आणि परत यायच्या आत काढायच्या. कारण जोतीरामला सैल दोरी बघवत नसे. ओल्या कपड्यांच्या भाराने दोरी जरा झोल घेऊन लोंबली की हा गृहस्थ तिथे जाऊन गाठ सोडायचा, पाय भिंतीला लावून दोरी ओढायचा आणि पुन्हा बांधायचा. एकदा शेजारच्या नागव्वाची दोरी त्याने अशी ओढली की ती मधोमध तुटली आणि दोन धुतलेल्या चादरी गटारात गेल्या. नागव्वाने त्याला आधी कानडीत झोडपलं, मग मराठीत. जोतीरामला दोन्ही भाषा कळत असल्यामुळे एकाच गुन्ह्याची शिक्षा त्याने दोनदा भोगली.

त्याचा तरी काय दोष? बार्शीकडच्या खेड्यातून चौदाव्या वर्षी तो सोलापूरला आला, गिरणीत चिकटला आणि तेव्हापासून तीस वर्षं त्याने एकच काम केलं. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की तो सांधायचा. डाव्या हाताने टोक धरायचं, उजव्याने गाठ मारायची आणि लगेच ओढून धागा ताणायचा. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच व्हायला हवं. धागा जरा जरी सैल राहिला तरी आडवा धागा घेऊन पळणारा धोटा त्यात अडकायचा आणि मग एकाच्या जागी पन्नास धागे तुटायचे. तेव्हा सैल दिसलं की ओढायचं, हे जोतीरामच्या डोक्यात नव्हतं, थेट हातातच होतं. डोक्याला विचारायला हात थांबतच नसे.

सैल हा त्याच्या तोंडचा सगळ्यांत वाईट शब्द. आळशी माणूस सैल, पांचट चहा सैल, भजनात ताल चुकणारा तबलजी सैल. आणि घरात बायको सैल. मथुराबाई त्याच गिरणीत बायकांच्या खात्यात कांड्यांवर सूत भरायची. घरी येऊन भाकरी थापताना तिचा हात जरा सावकाश चाले, की जोतीराम म्हणायचा, "तुजा हातच सैल हाय बग." पंचवीस वर्षं ती हे ऐकत होती. उत्तर द्यायचं तर भाकरी करपली असती, म्हणून ती दुसरी थापायला घ्यायची.

आता असा माणूस विमानाच्या नादी लागला कसा, ते सांगतो.

सन बत्तीस की तेहतीसचा हिवाळा असेल. मद्रासच्या बाजूला निघालेलं एक विमान काहीतरी बिघडलं म्हणून बार्शी रस्त्यालगतच्या माळावर उतरलं. सगळं सोलापूर तिकडे लोटलं. माणसं फडक्यात भाकरी बांधून गेली, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन गेली, कुणीतरी विमानाला नारळसुद्धा फोडला. सगळे वैमानिकाचा चष्मा आणि चामडी टोपी बघत होते. जोतीराम मात्र विमानाच्या शेपटाखाली उताणा पडला होता. शेपटाच्या आडव्या फळीला वरून एक तार आली होती, खालून एक. आत बसलेला माणूस दांडा मागे घेई तेव्हा एक तार ताणली जायची, पुढे घेई तेव्हा दुसरी, आणि फळी वरखाली व्हायची. जोतीराम तसाच पडल्या पडल्या ओरडला, "आरं, हे तर मागावानी हाय! दोन दोऱ्यांवर चालतंय!"

शेजारी उभा असलेला रुद्रप्पा म्हणजे त्याचा जॉबर, खात्यातला मुकादम, आणि नागव्वाचा नवरा. तो सगळ्यांना तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणायचा, मग समोरचा साठीचा का असेना. तो म्हणाला, "ऊठ तम्मा. शेपटीखाली काय निजलास? म्हशीचं दूध काढायलास का?"

पण जोतीरामच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. वैमानिक आतून तारा ओढतो. आपण बाहेरून ओढल्या तर? विमान एवढंसं करायचं, दोन धागे त्याच्या शेपटाला लावायचे आणि आपण मधे उभं राहून ते गरगर फिरवायचं. धाग्याचं काय, धागा म्हणजे तर आपलं राज्य. अशा खेळाला जगात कुठे काही नाव होतं की नाही, हे जोतीरामला ठाऊक नव्हतं आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती.

बांबूच्या पातळ कामट्यांचा सांगाडा, त्यावर मलमल, मलमलीवर गिरणीत सुताला देतात तसली खळ. वाळली की ती ढोलकीच्या पानासारखी ताठ वाजायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पंखा, रिकाम्या रिळाच्या दोन चकत्यांची चाकं आणि पोटात सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. पट्ट्यांना पीळ भरला की पंखा भन्नाट फिरायचा. दीड हात लांबीचं ते पाखरू पंचवीस हात धाग्याच्या टोकाला असं धावायचं की बघणाऱ्याची मान दुखायची. जोतीरामच्या मुठीत जुन्या धोट्याचा एक तुकडा असे, त्याच्या दोन भोकांतून दोन धागे निघत. मनगट वर वळवलं की वरचा धागा ताणायचा आणि विमान चढायचं, खाली वळवलं की उतरायचं. रविवारी सकाळी माळावर तो उभ्या उभ्या गिरक्या घ्यायचा आणि विमान त्याच्याभोवती डोक्याएवढ्या उंचीवरून सूं करत जायचं. त्या वेळी त्याचा चेहरा बघावा. लग्नातसुद्धा तो एवढा खूश नव्हता, असं मथुराबाईच सांगायची.

अडचण पुढे होती. उडालेलं प्रत्येक विमान खाली यायचं ते सरपण होऊनच. पीळ संपला, पंखा थांबला, विमान जरा तरंगलं, की एकदम नाक आभाळाकडे करायचं, क्षणभर उभं राहायचं आणि दगडासारखं कोसळायचं. दोन वर्षांत जोतीरामने सतरा विमानं केली आणि सतराही मोडली. मथुराबाई तुकडे ओच्यात गोळा करून घरी न्यायची. खळ लावलेली मलमल चांगली पेट घेते, त्यामुळे चूल लवकर पेटायची. "आज कितवं जाळलंस वैनी?" असं रुद्रप्पा रविवारी दारातूनच विचारायचा.

तोवर हा सगळा हौसेचा मामला होता. मग जोतीरामचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळा झाला नाही, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी बारीक सुताचं टोक त्याला दिसेना. नव्या पेठेतून चष्मा आणला, तर गिरणीतली कापसाची पूड काचांवर बसायची आणि पुसेपर्यंत माग बंद पडायचा. सहा महिने रुद्रप्पाने सांभाळून घेतलं. त्याच्या मागांवरचे धागे दुसऱ्यांकडून सांधून घेतले, साहेबाला काही कळू दिलं नाही. शेवटी एक दिवस त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तम्मा, आता माज्या हातात न्हाय. महिन्याभरात तुला झाडूखात्यात घालतील. सांधणारा जोतीराम हातात केरसुणी घिऊन फिरला, तर मला बगवणार न्हाय. दुसरं काय तरी बग."

जोतीरामला स्वतःलाही ते बघवलं नसतं. तीस वर्षं ज्या खात्यात त्याच्या हाताकडे बघायला नवी माणसं उभी राहिली, तिथे त्याच माणसांच्या पायाखालचा कापूस गोळा करायचा, या विचाराने त्याची भाकरी तोंडातच फिरायची.

नेमक्या त्याच दिवसांत यज्ञेश्वरपंत सबनीस माळावर आले. पंत एका शाळेचे हेडमास्तर. माणूस शिस्तीचा, छत्री उन्हातही वापरणारा आणि सगळ्यांना अहोजाहो करणारा. शाळेच्या आवारात कुत्रं शिरलं तर त्यालाही ते "अहो, बाहेर व्हा," म्हणायचे. शाळेत त्यांनी हुन्नराचा, म्हणजे हातकामाचा, वर्ग काढायचं ठरवलं होतं, त्यासाठी एक जागा मंजूर झाली होती आणि पाठ्यपुस्तकातलं नव्हे, तर हाताने काम करणारं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी अठरावं विमान उडताना पाहिलं, तोंडाचा आ केला. मग अठरावं विमान पडताना पाहिलं आणि आ मिटला.

"जोतीराम," ते म्हणाले, "मुलं वेडी होतील हे बघून. पण शाळेला दर आठवड्याला नवं विमान परवडायचं नाही. उडवणारा मला नको. उडवायला काय, पतंगही उडतो. मला उतरवणारा पाहिजे. पुढच्या रविवारी मी कमिटीला घेऊन येतो. जो विमान अख्खं खाली आणील त्याला जागा. माझा शब्द."

आठ दिवस. जोतीरामने सहा विमानं करून ठेवली. पहिली पाळी संपवून तो रोज दुपारी माळावर जायचा आणि रोज एक विमान मोडून यायचा. बुधवारी मथुराबाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेली. खरं तर तिने आजवर विमानाचे तुकडेच जास्त बघितले होते, विमान कमी. ती बांधावर बसली. पंखा थांबला, विमान नाक वर करून कोसळलं, आणि ती बसल्या जागेवरून म्हणाली, "अवो, तुमी वढता."

"काय?"

"पंका थांबला की धागा सैल पडतुया. सैल पडला की तुमी वढता. वरला धागा वढल्यावर ते वर न जाता जाईल कुटं?"

जोतीराम भडकला. कारण गोष्ट खरी होती आणि ती त्याला दोन वर्षांत दिसली नव्हती. "मग काय सैल सोडू? आँ? सैल सोडला तर इमान पडंल की!"

"आता काय अंतराळी ऱ्हायलं व्हय?" मथुराबाई म्हणाली आणि भाकरी सोडू लागली.

नुसतं ओढायचं नाही एवढंच होतं, तर जोतीरामला जमायला काय हरकत होती? पण आपला हात आपल्या ताब्यात असतो, ही माणसाची समजूतच असते. गुरुवारी त्याने मनाशी घोकून घोकून विमान सोडलं. ओढायचं न्हाय, ओढायचं न्हाय, असं मोठ्याने म्हणत तो गिरक्या घेत होता. पंखा थांबला, धागा सैल पडला, आणि तोंडाने "ओढायचं न्हाय" म्हणत असतानाच त्याच्या मनगटाने हिसका दिला. विमान गेलं. जोतीराम स्वतःच्या मनगटाकडे परक्याच्या मनगटाकडे बघावं तसा बघत राहिला. त्याने दुसऱ्या दिवशी मनगटाला पंच्याचा तुकडा करकचून बांधला, तर हाताने कोपरातून ओढलं.

आता एकच विमान उरलं होतं. त्याने ते उचललं, परत ठेवलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. केरसुणीच नशिबात दिसतीया."

मथुराबाईने पदर खोचला. "द्या बगू हिकडं."

"तू?"

"मोडलं तर चुलीत घालीन. पीळ भरा."

तो हसला, पण पीळ त्याने भरला. उडवायचं काम त्यानेच केलं. विमान सुरळीत फिरू लागल्यावर ती त्याच्या पाठीमागे अगदी लागून उभी राहून त्याच्याबरोबर गिरक्या घेऊ लागली आणि त्याच्या काखेखालून हात घालून तिने धोट्याचा तुकडा आपल्या मुठीत घेतला. पंखा थांबला. धागा सैल पडला. आता ध्यानात घ्या, या बाईने वीस वर्षं कांड्या भरल्या होत्या. त्या कामात धागा ओढला की तुटतो. तो बोटांतून जाऊ द्यायचा असतो, बोटांनी नुसती त्याची चाल ओळखायची असते. मथुराबाईचा हात हलला नाही. ती फक्त दोन पावलं मागे सरली, हलकेच, गर्दीत कुणाला वाट देताना सरावं तशी. विमान तरंगत तरंगत खाली आलं, रिळाच्या चाकांवर एकदा उडी मारून धावलं आणि गवतात उभं राहिलं.

जोतीराम धावत गेला. त्याने विमान उलटसुलट करून बघितलं. एक कामटी मोडली नव्हती. त्याला आनंद झाला आणि त्याच क्षणी असं वाईट वाटलं की तो तसाच खाली बसला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी येईपर्यंत तो बायकोच्या दहा पावलं पुढेच चालला. भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाला, "मला शिकीव."

तिने शिकवायची पराकाष्ठा केली. खोलीत धाग्याच्या टोकाला वाटी बांधून शिकवलं, त्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं. तिचा हात वर असेपर्यंत ठीक चाले. हात काढला की याचा हिसका. शनिवारी दुपारी तिने धागा गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "असं करू. उद्या मी पाठीशी उभी ऱ्हाते. इचारलं तर म्हनायचं, धाग्याचा गुंता हुऊ नये म्हनून हाय. पंका थांबला की मी हात घालीन. कमिटी लांब लिंबाखाली बसनार. कुनाला काय दिसतंय?"

"आनि शाळंत पोरांम्होरं?"

"तवाचं तवा बगू. आदी जागा तर गावू द्या."

रविवारी सकाळी कमिटी आली. लिंबाच्या सावलीत चार खुर्च्या, एका खुर्चीवर पंत, बाकीच्यांवर तीन फेटेवाले सद्गृहस्थ, आणि मागे भवानी पेठेतली निम्मी वस्ती. नागव्वाही आली होती. धुणं दोरीवर तसंच टाकून आली होती, म्हणजे ती किती निर्धास्त होती बघा.

जोतीरामने पीळ भरला. विमान सुटलं. पहिल्या फेरीत ते गुडघ्याएवढ्या उंचीवरून गेलं, दुसऱ्या फेरीत माथ्यावरून, तिसऱ्या फेरीत त्याने ते मुद्दाम लिंबाच्या बाजूला एवढं खाली आणलं की एका सद्गृहस्थाने फेटा धरला. लोक ओरडत होते. जोतीराम फिरत होता, आणि त्याच्या पाठीला मथुराबाई फिरत होती. दुरून एकच माणूस दिसावा अशी ती त्याच्या मापाने पावलं टाकत होती.

पंखा मंदावला. थांबला. धागा सैल पडला आणि जोतीरामचा हात उठला, पण तोवर तिची मूठ त्याच्या मुठीवर आली होती. त्याने आपली बोटं मोकळी केली. मी सांगतो, त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम ते होतं. विमान त्या खुर्च्यांसमोर दहा हातांवर अलगद टेकलं, घरंगळत आलं आणि थांबलं.

टाळ्या अशा वाजल्या की लिंबावरचे कावळे उडाले. यज्ञेश्वरपंत छत्री विसरून उन्हात धावत आले. "वा जोतीराम! वा! काय हात आहे तुमचा! सोमवारपासून शाळेत या. जागा तुमची!"

मथुराबाईने मागून त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. गप्प राहा, असा त्याचा अर्थ. गप्प राहिला असता तर काही बिघडलं नसतं. केरसुणी टळली असती, मास्तर म्हणून मान मिळाला असता, आणि घरातली गोष्ट घरात राहिली असती. जोतीराम लोकांकडे बघत होता. लोक अजून टाळ्या वाजवत होते, रुद्रप्पा तर तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होता. तीस वर्षं जोतीरामच्या हाताचं कौतुक झालं होतं, पण ते त्याच्या हाताचं होतं. ही टाळी अंगाला खाजखुजलीसारखी लागायला लागली.

"हात माजा न्हवं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"उडिवलं मी. उतरिवलं हिनं. मला उतरवाय येत न्हाय. आठ दिस मरमर केली, न्हाय आलं. माजा हात वढतुया."

टाळ्या हळूहळू बंद पडल्या. मथुराबाई खाली मान घालून पुटपुटली, "झालं. केलं मातेरं." पंतांनी एकदा जोतीरामकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग आता मी काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?"

"तुमीच सबूद दिलाय की. उडवनारा नको, उतरवनारा पायजे म्हनला. मग हिला घ्या."

"अहो, ह्या... ह्या बाई आहेत!"

"ते मला बी ठावं हाय," जोतीराम म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

"लिहिता येतं का त्यांना?"

"न्हाय येत. मला तरी कुटं येतं? मला घेतलाच व्हता की तुमी."

 फेटेवाले सद्गृहस्थ आपसात कुजबुजले. एकाने सांगितलं की बाईमाणसाने मुलांना विमान शिकवणं शोभत नाही. दुसरा म्हणाला, पण साहेब, खाली तर त्यांनीच आणलं. पंत मथुराबाईकडे वळून म्हणाले, "बाई, आणखी एकदा करून दाखवा. एकट्या."

मथुराबाईने नवऱ्याकडे असं बघितलं, की घरी चला, मग सांगते. पण तिने धागा घेतला. जोतीरामने पीळ भरून विमान हाताने सोडून दिलं आणि तो वर्तुळाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. ती एकटी मधे होती. तिला उडवण्याची सवय नव्हती, विमान वेडंवाकडं वरखाली जात होतं, आणि मधेच वाऱ्याची झुळूक आली तेव्हा ते आतल्या बाजूला ढकललं गेलं आणि धागा पार लोळला. बाहेर उभ्या जोतीरामचा रिकामा हात हवेत ओढत होता. त्याला ते कळतही नव्हतं. मथुराबाई मागे सरली, सरली, सरता सरता जवळजवळ लिंबापर्यंत आली. धागा आपणहून भरला आणि विमान तिच्या समोर येऊन टेकलं.

पंतांनी वाकून विमान उचललं. चाकं बोटाने फिरवून बघितली. "मुलांना काय सांगाल तुम्ही, बाई? कसं उतरवायचं?"

मथुराबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "सांगून न्हाय येत वो. ते येतंय म्हनल्यावर आपुन त्येला जागा द्यायची. आनि पोरं ह्यांच्यावानी वढाया लागली, तर मी हातावर हात ठिवीन. पोरांचे हात अजून कवळे असत्यात."

पंतांनी कमिटीला काही विचारलं नाही. "शब्द म्हणजे शब्द," एवढंच ते म्हणाले आणि छत्री शोधायला गेले.

घरी जाताना मथुराबाई तडतडत होती. "सोन्यासारकी जागा चालून आली व्हती. आनि आता तुमी झाडूखात्यात, मी मास्तरीन! लोक तोंडात शेण घालतील तुमच्या."

"घालू द्यात," जोतीराम म्हणाला.

घातलंच काहींनी. गिरणीत चार दिवस टिंगल झाली. बायको शाळेत आणि नवरा केरात, असं एक गाणंसुद्धा कुणीतरी रचलं. जोतीरामने केरसुणी घेतली आणि तो कापूस गोळा करू लागला. नव्या माणसांच्या पायाखाली वाकताना त्याच्या मानेवर घाम यायचा, नाही असं नाही. रुद्रप्पा त्याच्याजवळून जाताना दुसरीकडे बघायचा. एकदा मात्र त्याने गाणं म्हणणाऱ्या एकाच्या कानाखाली वाजवली आणि मग ते गाणं बंद झालं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. मथुराबाई वीस वर्षं गिरणीच्या फाटकातून आत जाणारी बाई, पण शाळेच्या फाटकाशी येऊन ती थबकली आणि नवऱ्याकडे वळून बघू लागली. जोतीरामने रजा घेतली होती. त्याच्या दोन्ही काखांत दोन नवी विमानं होती, खिशात रबरी पट्ट्या होत्या, डोक्यावर धुतलेली टोपी होती. ती आत गेली. हा मागोमाग निघाला, तर शिपायाने त्याला अडवलं.

"कोण पाहिजे?"

"आत जायचंय."

"पालक का?"

"न्हाय."

"मग मास्तर का?"

जोतीरामने पुढे बघितलं. ओसरीवर तीस-चाळीस मुलं उठून उभी राहिली होती, आणि ती सगळी एका सुरात "नमस्ते बाई" म्हणत होती. मथुराबाईला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.  टोपी सरळ करायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने नुसती मान ताठ केली आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो शिपायाला म्हणाला,

"मी न्हवं मास्तर. मी हितल्या बाईंचा नवरा."